पुढचा डावा टायर

नवी गाडी घेतली की आमच्या कारखान्यातले लोक खैरनारला पेढा द्यायला जायचे. यशवंत खैरनार पेढा हातात घ्यायचा, पण तोंडात टाकायचा नाही. गाडीचा रंग, आतला टेप, सीटची कव्हरं, यांतलं काहीएक न बघता तो थेट पुढच्या डाव्या चाकापाशी जाऊन उकिडवा बसायचा. टायरवरून तळहात फिरवायचा आणि उठताना म्हणायचा, ‘‘हं. अजून मुकं आहे. सहा महिन्यांनी घेऊन ये, मग बोलू.’’ मगच पेढा.

आणि सहा महिन्यांनी तो खरंच बोलायचा. गाडीवाला विसरलेला असायचा, खैरनार विसरत नसे. पार्किंगमध्ये गाठून तो चाकावर हात ठेवायचा आणि चारचौघांत सांगायचा, ‘‘हवा कमी ठेवतोस. दोन्ही कडा खाल्ल्या बघ.’’ नाहीतर, ‘‘ब्रेक फार उशिरा मारतोस रे. घरी पण असाच वागतोस का?’’ गाडीवाला चिडायच्या ऐवजी लाजायचा, हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी हवा भरून यायचा. हेच वाक्य मी बोललो असतो तर त्याच गाडीवाल्याने मला विचारलं असतं, की तू कोण?

मला खैरनारचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही मला सज्जन समजाल आणि तुमची निराशा होईल.

आमचा कारखाना सातपूरला. तो तपासणी खात्यात, मी खरेदीत. तो मूळचा सटाण्याकडचा. बुटका, रुंद खांद्यांचा, अर्ध्या बाह्यांचा आकाशी शर्ट घालणारा. त्याच्याकडे दोन रुमाल असत, एक तोंडाचा आणि एक उजव्या तळहाताचा. तळहाताचा रुमाल कायम काळा. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग मोजायला तपासणी खात्यात महागडी यंत्रं होती. खैरनार भाग आधी तळहातावर घ्यायचा, अंगठा फिरवायचा, डोळे मिटायचा, म्हणायचा ‘‘हा रडणार’’, आणि मग यंत्रावर ठेवायचा. माप चुकलेलं निघायचं, यंत्र रडायचं. दर वेळी नाही. दहांतून आठ वेळा. उरलेल्या दोन वेळी तो यंत्राकडे असा बघायचा, की यंत्रानेच माफी मागावी.

त्याच्यात दोष नव्हते असं नाही. मी त्यांची मनातल्या मनात यादी ठेवलेली होती. चहा पिताना तो सूंऽ करून आवाज काढायचा. दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. कॅन्टीनमध्ये ताटात मिरचीचा ठेचा दिसला नाही, की आचाऱ्याला आवाज देऊन ‘‘काय व्हयनं रे भाऊ?’’ असं, ठेच्याचं काय झालं ते, अहिराणीत विचारायचा. आचारी येवल्याचा, त्याला ते कळायचं नाही, तरी तो आनंदाने ठेचा आणून द्यायचा. आम्ही शुद्ध मराठीत मागितला की संपलेला असायचा.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट असेल. आमचे वर्क्स मॅनेजर म्हणजे जमदग्नी. त्यांच्या केबिनमध्ये मी तीन वर्षांत एकदाही बसलो नव्हतो. उभाच असायचो, फाइल पोटाशी धरून. एके दिवशी साहेब गाडीतून उतरले, आणि खैरनार, नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेला, त्यांच्या मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. आम्ही आठ-दहा जण दारात. मला वाटलं, आता बघा गंमत. खरं तर मी दोन पावलं पुढेही सरकलो, नीट दिसावं म्हणून.

‘‘साहेब,’’ खैरनार म्हणाला, ‘‘गाडी रोज मागे ओझं वाहते.’’

‘‘काय?’’

‘‘मागच्या दोन्ही टायरांच्या कडा गेल्यात. पुढचे ठीक आहेत. तुम्ही एकटे बसता, ड्रायव्हर पुढे. मग मागे वजन कुणाचं?’’

साहेबांनी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरने जमिनीकडे बघितलं. शेवटी कळलं ते असं, की साहेबांच्या पत्नीने घरी मसाल्यांचा उद्योग काढला होता आणि साहेब कामावर असताना ड्रायव्हर मिरच्या-धण्यांची पोती वाहत होता. हे साहेबांनाच माहीत नव्हतं. जमदग्नी क्षणभर लाल झाले आणि मग असे हसले, की आम्ही दचकलो. त्यांना हसता येतं हे आम्हाला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवसापासून खैरनार अकराच्या चहाला साहेबांच्या केबिनमध्ये. खुर्चीवर बसून. सूंऽ आवाज दाराबाहेर मला ऐकू यायचा. मी फाइल पोटाशी धरून उभा.

‘‘टायर खोटं बोलस नही,’’ हे त्याचं आवडतं वाक्य. त्याच्या बोलीतलं. माणसं फार बोलतात आणि उगाच बोलतात, चाक मात्र जेवढं चाललं तेवढंच सांगतं, असा त्याचा सिद्धान्त. हा सिद्धान्त तो टायरांवर थांबवत नव्हता, हीच तर अडचण. चपला, झाडूची टोकं, सायकलचे पायडल, खोडरबर, जिथे जिथे झीज, तिथे तिथे खैरनार.

आमच्याकडे सत्यनारायण होता. बाहेर चपलांचा ढीग. सगळे आत तीर्थप्रसाद घेताहेत आणि हे गृहस्थ दाराबाहेर उकिडवे. मी त्याला बोलवायला गेलो, तर हातात माझ्या आईची चप्पल.

‘‘ही कुणाची?’’

‘‘आईची. ठेव खाली, लोक काय म्हणतील!’’

तो चप्पल घेऊनच आत आला. आई सोवळ्यात, हातात पंचपाळं. पहिलीच भेट. मी ओळख करून देणार एवढ्यात तो म्हणाला, ‘‘आई, तुम्ही उजवा पाय उचलत नाही, ओढता. उजव्या कमरेत दुखतं का?’’

माझ्या आईने आयुष्यात कधी कुणाला दुखतं म्हणून सांगितलं नव्हतं. ती चिडेल, सोवळ्यात चप्पल आणली म्हणून दोन शब्द ऐकवेल, अशी मला आशा होती. ती म्हणाली, ‘‘दोन वर्षं झाली रे बाबा. तुला कसं कळलं?’’

डॉक्टरांनी फोटो काढला. कमरेचा सांधा झिजलेला होता. पुढे दोन-तीन वर्षांनी शस्त्रक्रिया करावी लागली, पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, अजून उशीर झाला असता तर चालणंच बंद होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात लाडू झाले की पहिला डबा खैरनारचा. आणि आई माझ्याकडे बघून म्हणायची, ‘‘तीस वर्षं एका घरात राहतोस. माझी चप्पल तुला रोज दिसते.’’ एवढंच. मी तिला नवीन चप्पल आणून दिली. ती तिने खैरनारला दाखवली. तो म्हणाला, ‘‘अजून मुकी आहे, आई.’’ दोघं हसले.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

दोन हजार एकच्या सुमाराला आमच्या कंपनीने पाच अधिकाऱ्यांना गाड्या दिल्या. दिल्या म्हणजे लीजवर. हा प्रकार आम्हाला नवा होता. गाडी आपली नाही, कंपनीचीही नाही. मुंबईतल्या तिसऱ्याच कुणाची. आपण फक्त चालवायची, आणि तीन वर्षांनी, पाहुणा आलेल्या जावयाला निरोप द्यावा तशी, नीट परत करायची. पाचही गाड्या पांढऱ्या, एकाच मॉडेलच्या, एकाच आठवड्यात आलेल्या. पाचांत खैरनार होता. पाचांत मीही होतो, हे विशेष.

ती गाडी माझ्यासाठी काय होती, ते सांगतो. माझी मावशी येवल्याला. आईची धाकटी बहीण, अंथरुणाला खिळलेली. शस्त्रक्रियेनंतर आईला एसटीची पायरी चढता येत नव्हती, जीपमध्येही नाही. भाड्याची गाडी करू म्हटलं की ती म्हणायची, ‘‘कशाला रे एवढं, मी फोनवर बोलते,’’ आणि फोनवर मावशीला काही ऐकू यायचं नाही. दोघी बहिणी ‘‘हॅलो हॅलो’’ करून फोन ठेवायच्या. सव्वा वर्ष दोघींची भेट नव्हती. लीजची गाडी आली आणि एक शनिवार आड आम्ही येवल्याला जाऊ लागलो. नाशिकच्या कारखान्यांना सुटी शनिवारची. आई शुक्रवारी रात्रीच पिशवी भरून दारात ठेवायची. सीटची उंची तिच्या कमरेला अशी बरोबर होती, की जणू मोजून केलेली. येवल्याला पोचल्यावर दोघी बहिणी हातात हात घेऊन चार तास बोलायच्या. काय बोलायच्या, देव जाणे. परतीच्या वाटेवर आई गाणं गुणगुणायची. मला वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यासाठी काहीतरी केलं, आणि या एका बाबतीत खैरनारचा काही संबंध नाही.

वर्षभराने खैरनार माझ्या गाडीपाशी उकिडवा बसला. पुढचा डावा टायर. अर्थात.

‘‘इकडे ये. हात दे.’’ त्याने माझा तळहात टायरवर ठेवला. ‘‘बाहेरून आत ने. कसं लागतं?’’

‘‘मऊ.’’

‘‘आता आतून बाहेर आण.’’

करवतीसारखं लागलं.

‘‘चाकं आत वळलीत तुझी. त्यात सर्कलला तू गाडी पाळण्यासारखी फिरवतोस. नाशकात सर्कलं किती? सगळी उजवीकडे ठेवून वळायचं, सगळा भार डाव्यावर. उद्याच अलाइनमेंट करून घे. आणि चाकं मागे-पुढे बदलत जा. नाहीतर परत करताना पंचाईत होईल, भाऊ.’’

सल्ला अगदी बरोबर होता. अर्ध्या तासाचं काम. मी ते केलं नाही.

का केलं नाही? तो म्हणाला म्हणून. दुसरं कारण शोधून सापडलं नाही. मी त्या रस्त्याने रोज जायचो, अलाइनमेंटचं दुकान लागायचं, आणि मला वाटायचं, आत गेलो तर खैरनार जिंकला. संध्याकाळी सर्कलला मी मुद्दाम जोरात वळायचो. एखाद्या माणसाला धडा शिकवण्यासाठी स्वतःचा टायर झिजवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी.

लीज संपायला आलं तसा कंपनीचा कागद आला. मुंबईचा माणूस येऊन गाड्या तपासणार. ज्याच्या गाडीचे टायर एका बाजूने झिजलेले दिसतील, त्याने गाडी बेफिकिरीने वापरली असं धरण्यात येईल आणि त्याला पुढची गाडी मिळणार नाही. वर एक वाक्य: ऐनवेळी बदललेला एखादा नवा टायर हीसुद्धा बेफिकिरीच समजली जाईल. कागद लिहिणारा माणूस पोचलेला होता.

मी पार्किंगमध्ये जाऊन टायर बघितला. बाहेरची कड टकलासारखी झाली होती. उजवा जरा बरा, चालून गेला असता. डाव्याला काही उपाय नव्हता. मी घरी आलो. आई पिशवीत मावशीसाठी खारे शंकरपाळे भरत होती. तिने विचारलं, ‘‘नवी गाडी याहून उंच नाही ना रे?’’

मी म्हणालो, ‘‘नाही.’’ आणि तेव्हापासून त्या टायरचं तोंड बघायचं सोडून दिलं.

गाड्या शुक्रवारी दुपारी कंपनीच्या शेडमध्ये लावून किल्ल्या गेटवर द्यायच्या होत्या. शनिवारी सुटी. रविवारी सकाळी तपासणी. ऑगस्टचे दिवस, पावसाने रस्त्यांचा चिखल झालेला, पाचही गाड्यांच्या चाकांना लेप. खैरनारची गाडी माझ्या शेजारीच लागली. लेपाखाली चारही टायर पोळपाटावर लाटलेल्या पोळीसारखे सारखे असणार, हे न बघताच ठाऊक होतं. आणि मला, फाइल पोटाशी धरून उभ्या राहणाऱ्या मला, आयुष्यातली पहिली मोठी कल्पना सुचली.

खोटं कशाला बोलू? आईचं कारण चार आणे होतं. खैरनारला एक शेरा बसला म्हणून काही बिघडणार नव्हतं, जमदग्नी त्याला मानायचे, काहीतरी मार्ग काढला असता, असं मी स्वतःला समजावलं. पण बारा आणे कारण वेगळंच होतं. त्या माणसाचा एक तरी टायर वेडावाकडा झिजलेला मला चारचौघांत बघायचा होता.

शनिवारी सकाळी मी कारखान्यात गेलो. गेटवर गावित होता, हरसूलकडचा, अत्यंत मितभाषी माणूस. त्याला म्हटलं, जरा चाक बदलायचंय, कुणाला सांगू नकोस. त्याने मान हलवली आणि जॅक धरायला आला. माझी गाडी उचलली, पुढचं डावं चाक काढलं. खैरनारची उचलली, तिचंही काढलं. त्याचं मला, माझं त्याला. चाकं चिखलाने माखलेली होती आणि माझं लक्ष गेटकडे होतं, कुणी येतंय का. नट आवळले. हात काळे झाले. खिशात एकच रुमाल. घरी येऊन आंघोळ केली, आणि आईला म्हणालो, ‘‘पुढच्या शनिवारी जाऊ आपण.’’ दुपारी मी इतका गाढ झोपलो, जितका फक्त गुन्हेगार झोपू शकतो.

रविवारी मुंबईचा माणूस आला. बारीक, चष्मेवाला, त्याचा रविवार बुडाल्यामुळे तो सगळ्या नाशिकवर रागावलेला होता. त्याने पाइप मागवून पाचही गाड्यांची चाकं धुऊन घेतली आणि टायरच्या खाचांची खोली मोजायची छोटी पट्टी काढली. आम्ही पाचजण रांगेत, शाळेत नखं तपासतात तसे.

आधी खैरनारची गाडी. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तोच तर सोहळा होता. खैरनार अगदी गरीब तोंड करून उभा होता, हात पुढे बांधून. माणूस पुढच्या डाव्या चाकापाशी वाकला. पट्टी घातली. आत, मध्ये, बाहेर.

‘‘एक्सलंट,’’ तो म्हणाला. ‘‘चारही.’’

मला वाटलं, आंधळा आहे काय हा! आणि मग खैरनारकडे बघितलं, तर त्याचाही चेहरा पडलेला. चारही टायर उत्तम म्हटल्यावर चेहरा पाडणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो.

मग माझी गाडी. माणूस वाकला आणि तसाच वाकून राहिला.

‘‘हे काय आहे? गाडी चालवता का खवणीवर खोबरं किसता?’’

धुतलेल्या चाकावर ती टकली कड चकाकत होती. माझी. तीच. मी तिला ओळखलं, तिनेही मला ओळखलं असावं. माणसाने कागदावर शेरा लिहिला, माझी सही घेतली, आणि पुढच्या गाडीकडे गेला.

तपासणी आटपून तो आणि बाकीचे गेल्यावर शेडमध्ये मी, खैरनार आणि गावित एवढेच उरलो. खैरनार माझ्या चाकापाशी उकिडवा बसला. तळहात फिरवला. मग उठून स्वतःच्या गाडीपाशी बसला. पुन्हा माझ्या. ‘‘असं कसं?’’ तो पुटपुटत होता. ‘‘असं कसं?’’

‘‘काय असं कसं?’’ मी विचारलं, शक्य तेवढ्या निष्पाप आवाजात.

तेव्हा गावित बोलला. मी त्याला एकावेळी इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

‘‘साहेब, परवा सांजच्याला खैरनारसाहेबांनी चाक बदललं. त्यांचं तुमच्या गाडीला, तुमचं त्यांच्या. काल सकाळी तुमी बदललं. मला वाटलं तपासणीचा नेमच असंल.’’

‘‘अरे, मग काल मला सांगायचंस ना!’’

‘‘खैरनारसाहेब म्हणले, कुणाला सांगू नको. तुमीबी म्हणले, कुणाला सांगू नको.’’ गावितने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. ‘‘मी कुणालाच सांगितलं नाय. आता तपासणी झाली, म्हणून बोललो.’’

खैरनार माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि मी ऐकून घेणार, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण त्याच्या खांद्यांना आधी हादरे बसू लागले. मग तो चाकाला टेकून खाली बसला, ओल्या फरशीवर, आणि हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तळहाताच्या काळ्या रुमालाने डोळे पुसले, गाल काळे झाले, तरी हसतोय.

‘‘नंदू, नंदू,’’ तो म्हणाला, ‘‘बदलायच्या आधी एकदा हात तरी लावून बघायचास!’’

त्याला चिखल आड आला नसता. मला आला.

‘‘तू का बदललंस पण?’’ मी ओरडलोच. ‘‘तुझी गाडी गेली असती!’’

‘‘गेली असती तर गेली असती. मी एकटा माणूस, स्कूटर आहे. आईंना येवल्याला जायचं असतं ना?’’ हे त्याने असं सांगितलं, जसं कुणी पत्ता सांगावा.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर, सवडीने. त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगतो: राग आला. माझ्या आयुष्यातली एकमेव धाडसी लबाडी, आणि तीसुद्धा या माणसाने माझ्याआधी, माझ्यापेक्षा चांगल्या कारणासाठी, आणि नट माझ्यापेक्षा नीट आवळून, करून ठेवलेली होती.

माझी गाडी गेली. घरी सांगायचं मी आठवडाभर टाळलं. पुढच्या शनिवारी सकाळी साडेसातला खाली हॉर्न वाजला. गॅलरीतून बघतो तर खैरनार, त्याच्या नव्या पांढऱ्या गाडीत. मागे वळलो तर आई पातळ नेसून, पिशवी घेऊन दारात तयार.

‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘त्याने फोन केला होता परवा. तुझ्या टायरचं सांगितलं.’’

‘‘काय सांगितलं?’’

‘‘खड्ड्यांमुळे झालं म्हणाला. नंदूची काही चूक नाही म्हणाला.’’ आईने माझ्याकडे रोखून बघितलं. ‘‘तसंच ना?’’

टायर खोटं बोलत नाही. खैरनार बोलला होता. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही माझ्यासाठी. याचाही मला हेवाच वाटला, कारण माझ्या आईने त्याच्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवला नसता.

त्यानंतर दोन वर्षं, एक शनिवार आड, ते दोघं पुढे आणि मी मागे. माझी जागा पिशवीशेजारी. खैरनार सर्कलला गाडी अशी वळवायचा, की आईच्या हातातल्या थर्मासमधलं पाणीसुद्धा बाजू बदलायचं नाही. निफाड गेलं की आई त्याला तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची. त्यातल्या निम्म्या मी कधी ऐकल्याच नव्हत्या. मागून मी म्हणायचो, ‘‘हे तू मला कधी सांगितलं नाहीस.’’ आई न वळता म्हणायची, ‘‘तुझं सगळं लक्ष गाडी चालवण्यात असायचं.’’ खैरनारचंही असायचं. पण त्याला ऐकू यायचं.

विंचूरला चहा. सूंऽ. माझी आईसुद्धा तसाच आवाज काढायला शिकली होती.

मग खैरनारने ठरवलं की नोकरी पुरे. सटाण्याकडे भावाची डाळिंबं होती, भाऊ थकला होता, तिकडे जायचं. कारखान्यात निरोपाचा मोठा समारंभ झाला. जमदग्नींनी भाषण केलं, आचाऱ्याने ठेचा केला. ते सगळं सोडा. मला आठवतो तो त्याच्या आधीचा शनिवार, येवल्याचा शेवटचा.

मावशीची नजर तोवर पार गेली होती. ऐकू तर आधीपासूनच कमी. शेजारच्या घरातून हातमागाचा खटखट आवाज येत होता, आणि त्या आवाजावर आवाज चढवून आई तिच्या कानाशी बोलत होती. मी पिशवी घेऊन पलंगालगतच्या दारात उभा. खैरनार पलंगाच्या कडेला बसला, तसा मावशीने हात पुढे करून चाचपला आणि त्याचा हात धरला.

‘‘नंदू का रे?’’

मी तोंड उघडलं. आईने मागे हात करून मला चिमटा काढला, चांगला पिळून.

‘‘हो मावशी,’’ खैरनार आवाज चढवून म्हणाला.

‘‘तू हिला आणतोस, म्हणून आम्ही दोघी भेटतो रे. नाहीतर कोण कुणाला आणतं?’’ मावशी त्याचा हात कुरवाळत होती. ‘‘इतकी वर्षं न चुकता. मी दर वेळी म्हणते हिला, तुझा नंदू गुणाचा.’’

‘‘असू दे हो मावशी. आईच ना माझी.’’

मी आत पाऊल टाकलं. मावशीने मान वळवली.

‘‘आणि हे कोण रे, तुझ्याबरोबर येतात ते? बोलत नाहीत कधी.’’

खैरनारने माझ्याकडे बघितलं. चेहरा इतका गंभीर, जसा पट्टी लावून मोजलेला.

‘‘ते आमच्या कंपनीतले खैरनार,’’ तो म्हणाला. ‘‘माणूस मनाने चांगला आहे, मावशी. गाडी तेवढी बरी चालवत नाही.’’

‘‘अस्सं होय? बसा हो खैरनार, बसा. दारात काय उभे?’’

मी बसलो. कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन, खैरनार म्हणून. आई तोंडाला पदर लावून हसत होती. मावशीने खैरनारला खुणेने जवळ बोलावलं. तो वाकला. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं, बराच वेळ, हळू आवाजात. मागाच्या खटखटीत मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याने मान हलवली, तिच्या हातावर थोपटलं, आणि म्हणाला, ‘‘नाही सांगणार.’’

मावशी त्या पावसाळ्यात गेली. खैरनार सटाण्याला गेला. मावशीने कानात काय सांगितलं ते मी त्याला दोन वेळा फोनवर विचारलं, तिसऱ्यांदा आईला विचारायला लावलं. तो म्हणाला, ‘‘ते मावशीने नंदूला सांगितलंय, आई. तुमच्या त्या खैरनारला कशाला हवंय?’’